दाखवायचं ताट

पायाला भिंगरी बांधल्यासारखी ती कधी एका जागी टिकायची नाही, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. दुसरी रात्री नऊच्या ठोक्याला पांघरुणात शिरायची आणि सकाळी उठून बाकीच्यांना चादरींच्या घड्या घालायला लावायची, ती आजीबाई. तिसरी दातांच्या कॉलेजात होती आणि समोरचा हसला रे हसला की त्याच्या तोंडात डोकावायची. ती दातवाली.

ही गोष्ट दातवालीची. आज तिचा स्वतःचा दवाखाना आहे, दारावर पितळी पाटी आहे, पेशंट तिला डॉक्टर मॅडम म्हणतात. पण काही चुकलं की ती अजूनही स्वतःशीच पुटपुटते, "दातवाले, लक्ष कुठंय तुझं?"

या तिघींची होस्टेलची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशीच होती. तीन खाटा, एक टेबल, आणि एक कपाट, ज्याचं दार कागदाची घडी अडकवल्याशिवाय बंदच व्हायचं नाही. जिन्यावरून जाणारी येणारी प्रत्येक मुलगी आत डोकं घालून जायची. "इस्त्री आहे का गं?" "शाम्पूची पुडी आहे?" "रेक्टर बाई वर येतायत, गॅलरीतले कपडे काढा!" खोली कसली, चव्हाटाच तो. पण खिडकी पश्चिमेला होती. दुपारी चारच्या सुमाराला ऊन असं काही तिरकं आत यायचं, की टेबलावरची साधी पाण्याची बाटलीसुद्धा दागिन्यासारखी दिसायची.

पहिल्या वर्षी दातवालीला दातांची मापं घ्यायला शिकवली. सरावाला तोंडं हवीत, मग घरचीच तोंडं कामाला आली. गुलाबी लगदा भरलेला साचा भिंगरीच्या तोंडात बसवला, तर तिला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी, नाकातून आवाज.

"हसू नकोस ना, माप बिघडेल!" दातवाली ओरडली.

"अं अं अं," भिंगरी म्हणाली. साचा बाहेर निघाल्यावर त्याचा अर्थ कळला. "तुझ्या नाकाला लगदा लागलाय."

त्या मापांत प्लास्टर ओतून बनवलेले भिंगरी आणि आजीबाई दोघींच्या दातांचे ठसे दातवालीनं खिडकीत ठेवले. भिंगरी कापडाच्या कॉलेजात होती. विणकाम, रंगकाम, शिवण हे तिचे विषय. तिनं उरलेल्या लोकरीच्या दोन टोप्या विणून त्या ठशांना घातल्या. आजीबाई म्हणाली, "शी! झोपेत ते माझ्याकडे बघून हसतात." पण एका थंडीत तिनंच त्यांची खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या वर्षी भिंगरीचं फोटोंचं अकाउंट सुरू झालं. सुरू झालं म्हणजे काय, घडून गेलं. भिंगरीनं विणलेला निळसर कापडाचा तुकडा टेबलावर वाळत घातला होता. त्यावर तिनं आपली बशी ठेवली. भाजलेल्या पावाचे दोन तुकडे, अर्धं कापलेलं उकडलेलं अंडं, संत्र्याच्या फोडी. चारचं ऊन आलं. दातवालीनं सहज तिचा फोन उचलला आणि फोटो काढला. तोंडाच्या अंधारात दिवा आणि आरसा कुठल्या कोनात धरायचा हे दिवसभर शिकणारा हात तो. फोटो असा आला, की तिघी बघतच राहिल्या.

"हे टाकते मी," भिंगरी म्हणाली.

मग रोजचा नाद लागला. नवं कापड, नवं ताट. सावली फार काळी पडू नये म्हणून दातवालीचा पांढरा एप्रन उजेडासमोर धरावा लागायचा, आणि तो धरायचं काम आजीबाईचं. "माझ्या आईबापांनी मला इथं एप्रन धरायला पाठवलंय, त्यांना सांगा कुणीतरी," असं म्हणत ती हात जराही हलू द्यायची नाही. आधी होस्टेलच्या मुली फोटो बघायला लागल्या, मग कॉलेजच्या, मग ओळखीपाळखी नसलेल्या हजारो. खोलीत शिरणारी डोकी दुप्पट झाली. दातवालीला आपणही कुणीतरी आहोत असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. फोटोखाली तिचं नाव नसायचं, पण जिन्यावर मुली म्हणायच्या, "ही बघ, ती फोटो काढते."

आणि फोटो झाला की भिंगरी ताट तिच्याकडे सरकवायची. "तू खा गं. मला आत्ता भूक नाही."

दातवाली दुपारभर उभं राहून पेशंटांचे जबडे तपासून आलेली असायची. पोटात कावळे कोकलत असायचे. समोर आयतं, सुंदर मांडलेलं ताट. ती खायची. चवीनं, पाय खाटेवर घेऊन, भिंगरीच्या फोटोला किती बदाम पडले ते मोठ्यानं वाचत खायची. त्या दिवसांसारखं जेवण तिला नंतर कुठंच लागलं नाही.

भिंगरीला आई नव्हती. घरी वडील आणि आत्या. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. एवढंसं दुकान, डोळ्याला लावायचं भिंग, आणि भिंतीवर वेगवेगळ्या वेळा दाखवणारी घड्याळं. लेकीचे फोटो बघायचे म्हणून त्यांनी शेजारच्या दुकानदाराकडून अकाउंट उघडून घेतलं होतं. रोज संध्याकाळी दुकान आवरताना ते फोटो बघायचे आणि खाली एकच वाक्य लिहायचे: "छान. पोटभर जेव." शेकडो अनोळखी कौतुकांच्या मधोमध ते वाक्य दिसलं की अख्ख्या मजल्यावर हशा पिकायचा. कुणी जेवायला बसलं की मुली मागून ओरडायच्या, "छान! पोटभर जेव!"

अनोळखी लोक मात्र दुसरंच काही लिहायला लागले होते. एका फोटोत ताटाशेजारी भिंगरीचं मनगट आलं. "किती नाजूक हात!" असं कुणीतरी लिहिलं, त्याची बाकीच्यांनी री ओढली. पुढच्या फोटोत हात मुद्दाम आला. मग खांदा, मग चेहरा. "तू एवढं खाऊन अशी कशी राहतेस?" हा प्रश्न रोजचा झाला. भिंगरी त्याला डोळा मारणारं चित्र टाकायची. उत्तर असं कधीच द्यायची नाही. मग ती तासन्‌तास दुसऱ्या मुलींची अकाउंटं बघत बसायची. अंगठा वर, अंगठा वर, अंगठा वर. पायाची भिंगरी थांबली आणि अंगठ्याला लागली. दातवालीनं तेव्हा ते बघितलं, पण तिच्या डोक्यात शिरलं नाही. तिच्या डोक्यात उद्याचं कापड आणि उद्याचं ऊन असायचं.

आजीबाई जास्त बघायची. "ही उन्हाळ्यात स्वेटर घालते," ती म्हणाली. "आणि मेसमधून आली की बाथरूमचा नळ केवढा वेळ वाहतो, ऐकलंस?"

"तुला कुणाच्या नळाचंही पडलेलं असतं," दातवाली म्हणाली.

तिसऱ्या वर्षी पुन्हा मापं घ्यायची होती, या वेळी परीक्षकांना दाखवायला. भिंगरी आढेवेढे घेत आली. लगदा तोंडात गेल्यावर या खेपेला हसली नाही, खुर्चीचे हात घट्ट धरून बसली. संध्याकाळी दातवालीनं प्लास्टरचा नवा ठसा सोडवला आणि जुन्याशी ताडून पाहिला. आधी वाटलं आपलंच माप चुकलं. वरच्या पुढच्या दातांच्या कडा पातळ झाल्या होत्या. मागची बाजू गुळगुळीत, झिजलेली, जणू कुणी आतून पॉलिश केलं आहे. पुढून बघितलं तर हसू तेच, मागून बघितलं तर दात दुसऱ्याच कुणाचे.

हे कशामुळं होतं ते तिला पाठ होतं. चारच दिवसांपूर्वी मॅडमनी शिकवलं होतं. पोटातलं आम्ल वारंवार तोंडात आलं की नेमकी हीच बाजू झिजते. पुन्हा पुन्हा उलट्या काढणाऱ्या मुलींमध्ये हे दिसतं, आणि कित्येकदा ते सगळ्यात आधी दंतवैद्यालाच दिसतं, असंही मॅडम म्हणाल्या होत्या. दातवालीनं ते वहीत उतरवून घेऊन खाली दोन रेघा मारल्या होत्या.

"लिंबूपाणी फार पिते मी," भिंगरी म्हणाली. तिनं ठशांकडे बघितलंही नाही.

"लिंबानं असं होत नाही."

"मग तू सांग कशानं होतं. सांग की."

 भिंगरी दातवालीच्या खाटेवर येऊन बसली, तिचा हात हातात घेतला. भिंगरीचा हात बर्फासारखा गार होता. "परीक्षा झाली की सगळं नीट करते मी. तुझी शपथ. बाबांना नको कळायला. त्यांना माझ्याशिवाय कोण आहे? आणि आजीबाईला तर मुळीच नको, ती अख्खं होस्टेल डोक्यावर घेईल. सांगणार नाहीस ना?"

"नाही सांगणार."

तीन आठवडे ती गप्प राहिली. नुसती गप्प राहिली असती तरी एक वेळ चाललं असतं. ती रोज चार वाजता फोन उचलून फोटो काढत राहिली. स्वेटरच्या बाह्या कुठं ओढल्या तर बरं दिसेल, हे सांगत राहिली. ताट सरकवलं गेलं की खात राहिली. आपण खाल्लं नाही तर भिंगरीला संशय येईल, असं ती मनाला समजावायची. खरं काय होतं, ते तिला अजूनही नीट सांगता येत नाही. तिला बहुधा ते दिवस संपवायचे नव्हते.

एका दुपारी एप्रन धरून उभ्या असलेल्या आजीबाईची नजर खिडकीतल्या भिंगरीच्या जुन्या आणि नव्या ठशांवर पडली. तिला दातांतलं काही कळत नव्हतं. पण एकातले दात जाड आणि एकातले पातळ एवढं कुणालाही दिसत होतं. भिंगरी खाली गेल्यावर तिनं विचारलं, आणि दातवालीनं सांगून टाकलं. सांगताना रडूही आलं.

आजीबाई ओरडली नाही. एप्रनची घडी घालत हळूच म्हणाली, "हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असतात म्हणे. हिचं तर ताटच दाखवायचं. आणि खाणारी तू." थोडं थांबून म्हणाली, "तू तिची मैत्रीण आहेस की फोटोग्राफर?"

त्याच संध्याकाळी दातवालीनं भिंगरीला सांगितलं, "आजपासून मी फोटो काढणार नाही. आणि तुझ्या बाबांना फोन करणार आहे. चोरून करत नाही, तुला सांगून करते."

भिंगरीनं तिच्याकडे असं बघितलं, जसं चोराकडे बघतात. "तुझं पोट भरलं ना? आता आठवलं होय तुला?"

दुसऱ्या दिवशी चार वाजता तिनं चार पुस्तकं रचून फोन त्यांना टेकवला आणि स्वतःच फोटो काढला. ताट कुणाकडेच सरकवलं नाही. संध्याकाळपर्यंत ते तसंच टेबलावर पडून होतं, अंड्याची कड वाळून पिवळी पडेपर्यंत.

वडील तिसऱ्या दिवशी आले. होस्टेलच्या भेटीच्या खोलीत, जिथं एक सोफा आणि एक न चालणारा पंखा होता, ते गुडघ्यांवर पिशवी घेऊन बसले होते. फोनवर दातवालीनं एवढंच सांगितलं होतं की तिची तब्येत बरी नाही, खाण्याची अडचण आहे, तुम्ही या. भिंगरी कॉलेजातून यायची होती. दातवाली समोर जाऊन बसली.

"काका, ती जेवत नाही. जेवली तरी ते पोटात राहू देत नाही. खूप दिवस झाले."

ते गोंधळून हसले. "नाही गं बाळ. तुझा काहीतरी गैरसमज झालाय. ती रोज जेवते. मी रोज बघतो ना." त्यांनी खिशातून फोन काढला, भिंग लावायच्या सवयीनं तो डोळ्याजवळ नेला, आणि फोटो दाखवायला लागले. "हे बघ परवाचं. हे त्याच्या आदलं. अंडी, फळं, सगळं असतं. दुकानात येणाऱ्याला मी सांगतो, आई नाही पोरीला, पण बघा कशी नीट ताट वाढून घेऊन जेवते. पूर्वी मला घास जायचा नाही, ती तिकडं काय खात असेल म्हणून. आता हे बघतो आणि निवांत जेवतो."

 दातवालीला वाटलं, उठावं आणि पळून जावं. पण त्यांचा अंगठा पुढचा फोटो दाखवायला सरकत होता, आणि पुढचा, आणि पुढचा. एकेका ताटाची चव तिला आठवत होती.

"काका," ती म्हणाली, "हे फोटो मी काढलेत. आणि हे जेवण... हे सगळं जेवण मी खाल्लंय."

ते फोनकडे बघत राहिले, एखादं घड्याळ नेमकं कुठं अडलंय ते शोधावं तसे. मग त्यांनी फोन उलटा करून सोफ्यावर ठेवला. "सगळं?" त्यांनी विचारलं.

"सगळं."

गुडघ्यांवरची पिशवी सावरत ते म्हणाले, "तू सांगितलंस ते बरं केलंस, पोरी." पण तिच्याकडे न बघता म्हणाले. दातवालीनं ते दोन्ही लक्षात ठेवलं, जे म्हणाले तेही आणि बघितलं नाही तेही.

भिंगरी त्याच रात्रीच्या गाडीनं घरी गेली. कपडे तिनं स्वतःच भरले. आजीबाईनं पिशवीची चेन लावायला मदत केली, तेवढी तिनं करू दिली. दातवाली दारात उभी होती. तिच्या बाजूनं भिंगरी जिना उतरली, आणि इतकी हळू उतरली, की प्रत्येक पायरीचा आवाज वेगळा ऐकू आला.

मग वर्षभर काही नाही. अकाउंट बंद झालं. आजीबाईकडे अधूनमधून आत्याचा फोन यायचा, त्यातून कळायचं. सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरीण आहेत, दर आठवड्याला जाते. मध्ये पंधरा दिवस दाखल होती. आता बरी आहे. आता पुन्हा जरा बिघडलंय. वडील दुकान दुपारी बंद ठेवतात आणि तिच्यासोबत जेवायला बसतात. दोघं बोलत नाहीत, नुसते बसतात. आता पुन्हा बरी आहे. दातवाली हे सगळं ऐकायची आणि भिंगरीनं आपल्याबद्दल काही विचारलंय का, हे विचारायचं धाडस तिला व्हायचं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार करायची कुणाकडे?

शेवटच्या वर्षाची परीक्षा आली. दातांच्या परीक्षेची एक वेगळीच भीती असते. पेपर तुमच्या हातात, पण पेशंट तुमच्या हातात नाही. परीक्षकांसमोर उपचार करायला ठरवलेला पेशंट त्या दिवशी आला नाही, तर सगळं मुसळ केरात. दातवालीनं होस्टेलच्या माळीबुवांना तयार केलं होतं. सकाळी आठला निरोप आला की त्यांना रात्रीपासून ताप आहे. साडेनऊला परीक्षक येणार. दातवालीनं आजीबाईला फोन केला. ती म्हणाली, "तू हात धुऊन तयार राहा, मी बघते."

सव्वानऊला परीक्षेच्या दालनाच्या दारात भिंगरी उभी होती. दोनच दिवसांपूर्वी ती राहिलेलं वर्ष पूर्ण करायला परत आली होती आणि दुसरीकडे उतरली होती. आजीबाईला ते ठाऊक होतं, दातवालीला नव्हतं. चेहरा भरला होता, केस कापले होते, आणि पायांत दोन रंगांचे मोजे होते. घाईत आली होती तर.

"दाढ किडलीय माझी," ती म्हणाली. "चालेल ना तुझ्या परीक्षेला?"

 दातवालीनं खुर्चीकडे बोट दाखवलं. भिंगरी बसली, मागं रेलली. दातवालीनं दिवा ओढला, आरसा उचलला. तो पुसला, पुन्हा पुसला.

"एवढी काय घाबरतेस?" भिंगरी म्हणाली. "आत काय आहे ते तुला माहीतच आहे की." आणि तिनं तोंड उघडलं.

परीक्षकांनी दाढ बघितली, भरलेलं सिमेंट बघितलं, मान डोलावली. मग आरसा पुढच्या दातांमागं नेला, क्षणभर थांबले, आणि दातवालीकडे बघितलं. तिनं हळूच सांगितलं, "माहीत आहे, सर. उपचार चालू आहेत."  दातवाली पास झाली.

त्या दिवशी दोघींनी एकमेकींची माफी मागितली असं कुणी सांगितलं, तर ते खोटं आहे. दाढ बधिर असल्यामुळं भिंगरीला धड बोलताच येत नव्हतं. दोघी कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून राहिल्या, एवढंच.

याला आता कितीतरी वर्षं झाली. भिंगरी नाटकांसाठी कपडे शिवते. तिची कार्यशाळा एका जुन्या गोदामात आहे. दोन लांब टेबलं, सहा मशिनं, दोरीला टांगलेले राजे आणि भिकारी. मागच्या महिन्यात दातवाली तिच्याकडे गेली, तेव्हा ती एका तरुण नटीचं माप घेत होती. आकडा तोंडानं म्हणायचा नाही, चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी उलटी ठेवायची, अशी तिची पद्धत आहे. मदतनीस बायकांनाही तिनं तीच सवय लावली आहे. अजूनही काही महिने अवघड जातात, हे ती लपवत नाही. तसं झालं की ती त्या डॉक्टरीणबाईंना फोन करते.

नटी गेल्यावर दोघी टेबलाशी पाव आणि सूप घेऊन बसल्या. दातवालीनं कितीतरी वर्षं मनात ठेवलेलं शेवटी बोलून टाकलं.

"एक सांगू? रागावू नकोस. मला त्या खोलीची फार आठवण येते. ते ऊन, तो एप्रन, मुलींची ये-जा. तेवढी खूश मी पुढं कधी नव्हते. आणि तू तर तेव्हा... म्हणजे मला लाज वाटते गं, अशी आठवण येते त्याची."

भिंगरीनं पाव सुपात बुडवला, खाल्ला, बोटं पुसली.

"मलाही येते की," ती म्हणाली. "मी तेव्हा नुसती आजारी थोडीच होते? एकोणीस वर्षांचीही होते."

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी ओरडलं की राजाचा अंगरखा काखेत उसवलाय आणि तालीम थांबलीय. भिंगरी ताडकन उठली, तोंडात टाचण्या धरून दोऱ्याचं रीळ शोधायला लागली.

"टाचण्या तोंडात धरू नकोस," दातवाली म्हणाली. "दात झिजतात."

"हो, डॉक्टर मॅडम," भिंगरी टाचण्यांमधून म्हणाली आणि पळाली.